विश्लेषण : जिममध्ये उचलायचे वजन अचानक वाढेनासे का होते?

रिकाम्या बारपासून सुरुवात करणारा तरुण चार-सहा महिन्यांत बेंच प्रेसला 50 किलोपर्यंत पोहोचतो आणि तिथेच अडकतो. आठवड्यांमागून आठवडे जातात, आकडा हलत नाही. जिममध्ये याला ‘प्लॅटो’ म्हणतात. नियमित व्यायाम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा टप्पा येतो. त्यावर पहिला उपाय म्हणून आणखी घाम गाळला जातो. त्यानेही भागले नाही की काहींचा हात इंजेक्शनच्या बाटलीकडे जातो. मुळात वजन अडते कशामुळे?

सुरुवातीची प्रगती वेगवान का असते?

पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही प्रामुख्याने मज्जासंस्थेची करामत असते. स्नायू आहे तेवढाच असतो, पण त्याला अधिक जोरकसपणे कामाला लावायला मेंदू शिकतो. मोरितानी आणि डी’व्हरीज या संशोधकांनी 1979 मध्ये हे दाखवून दिले. त्यानंतरची वाढ स्नायूंच्या भरण्यावर अवलंबून असते आणि स्नायू सावकाश भरतात. त्यामुळे वेग मंदावणे म्हणजे प्लॅटो नव्हे. नियमित हजेरी असूनही महिना-दीड महिना एकाही व्यायामात ना वजन वाढले, ना रेप्स, तरच अडकलो असे म्हणावे. हे कळण्यासाठी वहीत नोंदी हव्यात. मोबाइलवर स्वतःचे व्हिडीओ काढणारे पुष्कळ. मागच्या सोमवारी किती किलोचे किती रेप्स झाले, हे सांगू शकणारे थोडे.

दोष प्लेटचा की शरीराचा?

बऱ्याच जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. बारच्या दोन्ही बाजूंना ती लावली की वजन एकदम पाच किलोने वाढते. 100 किलोच्या डेडलिफ्टमध्ये ही वाढ पाच टक्के आहे. 40 किलोच्या शोल्डर प्रेसमध्ये मात्र साडेबारा टक्के. म्हणूनच खांद्याचे व्यायाम आधी अडतात आणि दोष शरीराला दिला जातो. आरशांवर, रंगीत दिव्यांवर हात सैल सोडणाऱ्या जिममालकांना सव्वा किलोच्या प्लेटची जोडी घ्यायला काय होते, हा प्रश्नच आहे. अर्धा-एक किलोच्या लहान प्लेट बाजारात मिळतात. काही जण त्या स्वतःच्या बॅगेत ठेवतात. त्या नसतील तर वजन तेच ठेवून रेप्स वाढवता येतात. आठ रेप्सपासून सुरुवात करून तिन्ही सेटमध्ये बारा जमू लागले की मगच वजन वाढवायचे आणि पुन्हा आठवर यायचे.

अधिक मेहनत केल्यास फायदा होतो?

नेहमीच नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांचे स्नायू बळकट करण्यासाठी डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याची पद्धत रूढ केली. 1945 मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत दहा रेप्सचे सात ते दहा सेट होते. तीनच वर्षांनी त्यांनी ते तीनवर आणले. जेमतेम दहा रेप्स जमतील अशा वजनाच्या निम्म्यावर पहिला सेट, पाऊणवर दुसरा, पूर्ण वजनावर तिसरा. कमी कामात चांगला परिणाम मिळतो, हे तेव्हाच लक्षात आले होते.

ताकद व्यायामाच्या वेळी वाढत नाही, ती नंतरच्या विश्रांतीत वाढते. कोल्हापूरच्या तालमींतला मल्ल सकाळच्या मेहनतीनंतर खुराक घेऊन दुपारी झोपतो, ते आळसापोटी नव्हे. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहून पहाटे सहाला जिम गाठणाऱ्याचे वजन अडले तर नवल नाही. प्लॅटोवरचा सर्वांत सोपा प्रयोग म्हणजे एक आठवडा सेट निम्मे करणे, वजनही थोडे उतरवणे आणि रोज सात-आठ तास झोपणे. पुढच्या आठवड्यात तेच वजन हलके वाटले, तर अडचण साचलेल्या थकव्याची होती.

ताटात काय कमी पडते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांसाठी सुमारे 1.6 ग्रॅम उपयुक्त मानली जातात. 70 किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा 112 ग्रॅम होतो. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात एवढ्यावर तो गाठणे अवघड आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, वाटीभर वरणात साधारण तेवढीच, तर 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. महागड्या डब्याच्या आधी वड्यांचा विचार व्हायला हरकत नाही. पोट कमी करण्यासाठी जेवण तोडायचे आणि त्याच महिन्यात बारवरचे वजनही वाढवायचे, हे नवख्यांना जमते, मुरलेल्यांना क्वचितच.

महिलांनी आणखी एक गोष्ट तपासावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. दोन सेटमध्ये धाप लागत असेल, तर ट्रेनर बदलण्याआधी हिमोग्लोबिन पाहिलेले बरे.

इंजेक्शनने कोंडी फुटते का?

मुंबई-पुण्यात पोलिसांनी वेळोवेळी मेफेंटरमाइनच्या बाटल्या जप्त केल्या आहेत. शस्त्रक्रियेसाठी मणक्यात भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढवणे, हे या औषधाचे काम. त्याने स्नायू वाढत नाही; थकवा जाणवेनासा होतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. त्याच अवस्थेत जड वजन उचलले की धोका दुणावतो. स्टेरॉइडने स्नायू वाढतात हे खरे, पण शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती मंदावते, शुक्राणू घटतात आणि हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो. औषध थांबवल्यावर कमावलेले बरेचसे उतरते. पूरक पदार्थांपैकी क्रिएटिनला भक्कम आधार आहे. त्याची मात्रा रोज तीन ते पाच ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.