चला, जलरंगांत रंगवू या

मुलांनो, समजा तुम्हांला एक पांढरा कप रंगवायचा आहे. पण तुमच्या रंगपेटीत पांढरा रंगच नाही. मग काय कराल? जलरंगांत चित्र काढणारा अशा वेळी थांबून राहत नाही. कपाच्या जागी तो कागद तसाच कोरा ठेवतो. कपाची सावली आणि मागची भिंत एवढेच तो रंगवतो. कप आपोआप उठून दिसतो. म्हणजे जलरंगांत कुठे रंग लावायचा, हे जितके महत्त्वाचे, तितकेच कुठे लावायचा नाही, हेही महत्त्वाचे असते.

'जल' म्हणजे पाणी. उर्दूत त्यालाच आपण 'आब' म्हणतो. जलरंगात रंगाची अगदी बारीक पूड डिंकात मिसळलेली असते. ब्रशाने तो रंग पाण्यात कालवून कागदावर लावला, की पाणी उडून जाते आणि रंगाचा पातळ थर डिंकामुळे कागदाला चिकटून राहतो. हा थर पारदर्शक असतो. त्याच्याखालचा पांढरा कागद त्यातून चमकतो, म्हणून रंग उजळ दिसतो. पोस्टर रंग मात्र दाट असतात. ते कागद झाकून टाकतात. पोस्टर रंगात गडद भागावर पांढरा रंग देता येतो. जलरंगात तसे करता येत नाही. म्हणून येथे नियम एकच : आधी फिका रंग, नंतर गडद.

जलरंगांसाठी फार खर्च लागत नाही. लाल, पिवळा, निळा आणि तपकिरी असे चार रंग सुरुवातीला पुरेत. एक जाड व एक बारीक गोल ब्रश, जाड ड्रॉइंग पेपर, रंग कालवायला पांढरी बशी आणि एक सुती चिंधी घ्या. पाण्याची भांडी दोन ठेवा. एकात ब्रश धुवा आणि दुसऱ्यातील स्वच्छ पाणी रंग कालवायला वापरा. एकाच गढूळ पाण्यात सगळे रंग कालवले, तर चित्र मळकट होते. ओला कागद सुरकुततो, म्हणून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने फळीवर चिकटवून घ्या.

आता खिडकीजवळ एक लिंबू ठेवा आणि दोन मिनिटे नुसते पाहा. लिंबू पिवळे असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण सगळीकडे ते सारखेच पिवळे दिसते का? खिडकीकडच्या बाजूला एक लहानसा ठिपका जवळजवळ पांढरा दिसेल. दुसरी बाजू काळपट दिसेल. पेन्सिलीने हलकी बाह्यरेषा काढा. चकाकणारा ठिपका सोडून बाकीच्या लिंबावर पातळ पिवळा रंग द्या. तो ओलसर असतानाच अंधाऱ्या बाजूला थोडा तपकिरी रंग टेकवा. दोन्ही रंग एकमेकांत मिसळतील आणि लिंबू गोल दिसू लागेल. ते वाळल्यावर खाली पडलेली सावली रंगवा. त्यासाठी काळा रंग घेऊ नका. निळ्यात तपकिरी मिसळला, की छान करडा रंग मिळतो.

लिंबानंतर पेला किंवा तांब्या घ्या. पेल्याचे तोंड गोल असते, म्हणून पुष्कळ मुले ते पूर्ण वर्तुळ काढतात. पण समोर बसून पाहिले, तर ते लांबट, अंड्याच्या आकारासारखे दिसते. पेला डोळ्यांच्या पातळीला आणला, तर तेच तोंड सरळ रेषेसारखे दिसते. चित्र चुकते, ते बहुधा हात कच्चा असतो म्हणून नव्हे. आपण समोरचे न पाहता मनातले काढतो, म्हणून ते चुकते. शासकीय रेखाकला परीक्षेला बसणाऱ्यांनी वस्तुचित्र काढताना हे अवश्य ध्यानात ठेवावे.

फुलांपैकी जास्वंद घ्या. तिला पाच मोठ्या पाकळ्या असतात आणि मधून एक लांब दांडा बाहेर येतो. त्या दांड्याची जागा आधी कोरी सोडा. एका पाकळीवर नुसते स्वच्छ पाणी फिरवा आणि देठाकडच्या टोकाला दाट लाल रंग टेकवा. रंग आपण होऊन पाकळीभर पसरेल. शेजारची पाकळी मात्र पहिली वाळल्यावरच रंगवा. नाहीतर दोन्ही पाकळ्या एकमेकींत मिसळून जातील. पानांसाठी पिवळा व निळा मिसळून हिरवा रंग बनवा. कोवळ्या पानाला पिवळा जास्त, जून पानाला निळा जास्त.

फुलांना असे जवळून पाहणारा एक थोर चित्रकार आपल्या देशात होऊन गेला. त्याचे नाव उस्ताद मन्सूर. तो बादशहा जहांगीरच्या दरबारात होता. 'नादिर-उल-अस्र', म्हणजे 'आपल्या युगातील अद्वितीय', असा किताब बादशहाने त्याला दिला होता. १६२० साली जहांगीर काश्मीरला गेला. मन्सूरने तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे जहांगीरने आपल्या 'तुझुक-इ-जहांगिरी' या ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्या काळच्या दरबारी चित्रांतील रंगही डिंकात आणि पाण्यातच कालवत. मात्र ते बरेचसे दाट असत. मन्सूरचे लाल 'लाला'चे चित्र आजही प्रसिद्ध आहे. ते फूल त्याच वर्षी सुकून गेले असेल. पण त्याच्या पाकळ्या कशा वळल्या होत्या, हे आपल्याला चारशे वर्षांनंतरही पाहता येते.

तुमची पहिली चित्रे बिघडतील. रंग नको तेथे पसरला, तर तो ओला असतानाच चिंधीने हलकेच टिपून घ्या. वाळल्यावर जलरंग थोडा फिका होतो, म्हणून तो आधी वेगळ्या कागदावर लावून पाहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा ब्रश घासू नका. चित्र फारच बिघडले, तर दुसरा कागद घ्या आणि तीच वस्तू पुन्हा रंगवा.

आज स्वयंपाकघरातून एक कांदा मागून घ्या. त्याच्या सालीवरच्या रेषा कुठून निघतात आणि कुठे जाऊन मिळतात, ते पाहा. त्याच्यावर कोणकोणते रंग दिसतात, ते मोजा. मगच ब्रश ओला करा.