इंजिन तेच, पण खुराक वेगळा

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, तासगावची द्राक्षं, गावोगावचं दूध. शेतापासून बाजारापर्यंतचा हा प्रवास बहुतेक वेळा पिकअप गाडीतूनच होतो. ही गाडी म्हणजे एखाद्या घराचं पोटच. बँकेचा हप्ता चालू असतो, ड्रायव्हरचा पगार चालू असतो आणि अशात एके दिवशी इंजिन जाम होतं. ऑइल संपलं असेल, पाणी उकळलं असेल, कारण काहीही असो. गाडी उभी राहिली की प्रत्येक दिवस मालकाच्या खिशातून जातो.

मग मालक गॅरेजमध्ये विचारतो, "मिस्त्री, भंगार बाजारात याच कंपनीचं, एवढ्याच सीसीचं इंजिन आलंय. बसेल ना आपल्या गाडीत?" मिस्त्री म्हणतो, "बसंल की दादा. फाउंडेशन तेच, गिअरबॉक्सची भोकं तीच." मिस्त्री खोटं बोलत नसतो. इंजिन खरोखरच बसतं. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. दोन इंजिनांची डिझेल घेण्याची पद्धत वेगळी असेल, तर नीट बसलेलं इंजिनसुद्धा महिनाभर दारात मुकं उभं राहू शकतं. असं का होतं, ते आज पाहू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबली जाते, की ती प्रचंड तापते. नेमक्या त्याच क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत सोडला की तो पेट घेतो. म्हणजे सगळा खेळ तीन गोष्टींचा: डिझेल किती द्यायचं, केव्हा द्यायचं आणि किती दाबानं द्यायचं. हा हिशोब ठेवणाऱ्या यंत्रणेलाच आपण इंधन यंत्रणा म्हणू.

जुन्या पद्धतीत हा हिशोब पंप ठेवतो. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. इंजिनाच्या टायमिंग गिअरवर किंवा पट्ट्यावर पंप फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या नळीत पाळीपाळीनं डिझेल ढकलतो. दाब साधारण २०० बारच्या आसपास गेला की नोझल उघडतं. पिकअपच्या टायरमधली हवा तीन-चार बारची असते, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. अॅक्सिलरेटरची केबल थेट पंपाला जोडलेली. विजेचं काम म्हणाल तर स्टार्टर आणि इंजिन बंद करणारी एखादी वायर. गाडी ढकलून सुरू करता यायची ती यामुळेच.

नव्या पद्धतीचं नाव कॉमन रेल. मोटारगाड्यांमध्ये ती १९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या १५६ या गाडीतून आली. इथं पंपाचं काम फक्त दाब तयार करणं. सगळं डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, हजार ते सोळाशे बार किंवा त्याहूनही जास्त दाबानं साठतं. तिथून ते इंजेक्टरला मिळतं आणि इंजेक्टर उघडतो तो विजेच्या इशाऱ्यावर. हा इशारा देतो संगणक, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात. क्रँक कुठं आहे, कॅम कुठं आहे, रेलमध्ये दाब किती, पाणी किती तापलंय, ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय, हे सगळं सेन्सर त्याला कळवतात. यातला महत्त्वाचा एखादा जरी गप्प बसला, तर ईसीएम इंजिन सुरू करायलाच नकार देऊ शकतो.

हा बदल हौसेखातर झाला नाही. धुराचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज ४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि भारत स्टेज ६ आलं १ एप्रिल २०२० ला. तेच मॉडेल, तेच नाव, पण बॉनेटखालची व्यवस्था बदलली. महिंद्राच्या बोलेरो घराण्याचंच पाहा. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आधी यांत्रिक पंपावर चाललं आणि पुढं त्याच क्षमतेचं इंजिन कॉमन रेलवर आलं. बाजारात दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तर सख्खी भावंडंच वाटतील. फसगत होते ती इथंच.

समजा, तुमची गाडी जुन्या पंपाची आहे आणि मिळालेलं इंजिन कॉमन रेलचं आहे. मग नुसतं इंजिन आणून भागत नाही. त्याच्याबरोबर त्याचा ईसीएम हवा, पूर्ण वायरिंग हवं, सगळे सेन्सर हवेत. केबलचा पेडल काढून इलेक्ट्रॉनिक पेडल लावावा लागतो. डिझेल फिल्टर त्याच पद्धतीचा लागतो आणि टाकीकडं जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्या तपासाव्या लागतात. चोरी रोखण्यासाठी ईसीएम मूळ गाडीच्या किल्लीशी बांधलेला असेल, तर ती जोडीही आणावी लागते. भंगारवाला इंजिन काढताना वायरिंग कापून टाकतो. त्या तुटक्या वायरी जोडत बसण्यात जेवढे दिवस जातात, तेवढ्यात दुसरं इंजिन शोधून झालं असतं. म्हणून असं काम करायचंच असेल, तर इंजिन सुटं न घेता ज्या गाडीतून ते निघणार आहे, ती अख्खी गाडी समोर असताना सामान उतरवून घ्यावं.

यावर मिस्त्री दुसरी वाट सुचवतो. "कॉमन रेलचं सामान काढून टाकू आणि आपलाच पंप-नोझल नव्या इंजिनावर चढवू." ऐकायला सोपं आहे. पेट्रोल गाड्यांत हे पुष्कळदा जमतंही. अमेरिकेत १९८० च्या दशकात टोयोटाच्या पिकअपमध्ये '२२आर' आणि '२२आरई' अशी दोन इंजिनं येत. दोन्ही २३६६ सीसीची; पहिल्यात कार्ब्युरेटर, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक फवारणी. सांगाडा इतका सारखा, की कार्ब्युरेटरच्या गाडीत २२आरई बसवताना तिकडचे मेकॅनिक जुन्या इंजिनाचा मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर नव्यावर चढवतात. तिथंही पथ्यं आहेतच. १९८५ च्या सुमारास या इंजिनांत बदल झाले, म्हणून साल जुळवावं लागतं. शिवाय कार्ब्युरेटरला पाव बाराच्या आसपासचा दाब पुरतो आणि फवारणीला अडीच-तीन बार लागतो. पंप चुकीचा राहिला, तर कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो आणि आगीला निमंत्रण मिळतं.

डिझेलमध्ये मात्र ही वाट फार अरुंद आहे. जुना पंप नुसता फिरून चालत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांना त्याची एकच फेरी व्हावी लागते आणि तीही खुणेला खूण जुळवून. एक दात पुढं-मागं झाला, तर इंजिन ठोकतं, धूर ओकतं किंवा सुरूच होत नाही. कॉमन रेलचा पंप फक्त दाब देतो, त्यामुळं त्याची गिअरची जागा आणि वेग वेगळा असू शकतो. हेडमध्ये इंजेक्टर बसायचं भोक वेगळं असतं. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी त्या-त्या फवाऱ्यासाठी घडवलेली असते. ही सगळी मापं जुळत असतील तरच पुढं जावं. एरवी हेड, पिस्टन, गिअर बदलता बदलता दोन इंजिनांचा खर्च होतो आणि हाती एकही धड लागत नाही.

उलटा मोहही होतो. सेन्सरची कटकट नको, म्हणून नव्या गाडीत जुन्या पंपाचं इंजिन टाकायचं. इथं प्रश्न यंत्राचा राहत नाही, कायद्याचा होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. कागदावर भारत स्टेज ४ आणि आत त्याआधीचं इंजिन, हे त्यात सरळ अडकतं. गाडी पासिंगला नेली की इंजिन नंबर पाहतात. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर तोच नंबर पाहतो. इंजिन त्याच प्रकारचं असलं, तरी आरटीओकडून बदल मंजूर करून घेऊन नवा नंबर आरसीवर चढवावाच लागतो. त्यासाठी इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद हवेत. बिल न देणाऱ्याकडचं इंजिन चोरीच्या गाडीचं नाही, हे तुम्ही कशावरून सांगणार?

एक इशारा जिवाचा. जुन्या इंजिनात हवा शिरली, की नोझलचा नट सैल करून स्टार्टर मारायची सवय आपल्याकडं जुनी आहे. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका. गळती कुठं आहे ते बोटानं चाचपू नका. हजार बारांवरची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी न थांबता तातडीनं मोठ्या रुग्णालयात जावं.

मग करायचं काय? आधी आपलंच इंजिन खोलून पाहावं. ब्लॉक शाबूत असेल, तर लायनर-पिस्टन बदलून आणि क्रँक ग्राइंड करून ते पुन्हा उभं राहतं. नंबर तोच राहतो, कागद तेच राहतात. ब्लॉकच फुटला असेल, तर त्याच इंधन यंत्रणेचं आणि त्याच भारत स्टेजचं इंजिन शोधावं, मग चार दिवस जास्त लागले तरी चालतील. आणि इसार देण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: पंप कोणत्या पद्धतीचा, ईसीएम आणि वायरिंग बरोबर मिळणार का, आणि बिल कोणाच्या नावानं? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तरच पैशाला हात घालावा.