अजिंठ्याचे बालप्रेक्षक

कलेचा इतिहास म्हणजे राजवंशांची नामावळी आणि सनावळी, अशी समजूत आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे की, अजिंठ्याची लेणी पाहून परतलेल्या मुलाला तेथील एकही चित्र आठवत नसले तरी वाकाटक राजवंशाचे नाव पाठ असले म्हणजे सहल सार्थकी लागली, असे आपण मानतो. ही समजूत बदलू पाहणाऱ्या एका कलाशिक्षिकेबरोबर, मुले, त्यांचे आईवडील आणि आजीआजोबा अशा मेळाव्यात सामील होण्याचा योग मला आला, आणि त्या बाईंची पद्धती जवळून पाहिल्यावर तिचा तपशील वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटले.

बाईंचा पाठ लेण्यांत सुरू होत नाही. तो आदल्या दिवशी फर्दापूरच्या मुक्कामी, अंगणात सुरू होतो. प्रत्येक कुटुंबाला एकेक कौल, चाळलेली माती, भाताचा तूस आणि तागाचे तंतू देण्यात आले. वडिलांनी माती मळावी, मुलांनी तीत तूस आणि तंतू मिसळावे, आणि सर्वांनी मिळून कौलावर पातळ लेप चढवावा, अशी वाटणी होती; मात्र एका कुटुंबाला बाईंनी मुद्दामच तूस व तंतू दिले नव्हते. सकाळी पाहतात तो त्या एका कौलावरील लेपाला जागोजाग भेगा गेलेल्या, आणि बाकीचे लेप शाबूत! बाईंनी यावर काहीही भाष्य केले नाही.

भाष्य झाले ते सतराव्या लेण्यात. जेथे रंगाचा पापुद्रा गळून पडला आहे, तेथील उघडी माती मंद उजेडात न्याहाळता न्याहाळता एक मुलगा एकदम म्हणाला, “बाई, यातसुद्धा तूस आहे!” पंधराशे वर्षांपूर्वीचे कारागीर खडबडीत कातळावर तूस आणि तंतू घातलेल्या मातीचे थर देत, त्यावर पांढरा हात फिरवीत, आणि मग रेखाटन करून गेरू, पिवळी माती, काजळ असे रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून भरीत, ही सारी प्रक्रिया त्या एका उद्गारानंतर सांगितली गेली, आणि निळा रंग मात्र अफगाणिस्तानातील बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्दाचा, हे कळताच तो इतक्या दूरवर कसा आला, त्याची किंमत कोणी दिली, असे प्रश्न मुलांनीच काढले. व्यापार, आश्रयदाते, वाकाटक सम्राट हरिषेण आणि त्याचा मंत्री वराहदेव यांची नावे त्या प्रश्नांची उत्तरे म्हणून आली, आणि म्हणूनच ती ऐकली गेली.

बाईंचा एकच दंडक आहे: मूल बोलेपर्यंत मोठ्यांनी माहितीफलक वाचावयाचा नाही. एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने शतकांचा हिशेब सुरू केला, तेव्हा त्या मृदू स्वरात म्हणाल्या, “दादा, जरा थांबा. आधी त्याला काय दिसतं ते तो सांगू दे.” या थांबण्याचे फळ दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दिसले. तेथील उजव्या उपमंदिरात पांचिक आणि हारिती यांच्या भव्य मूर्ती आहेत, आणि त्यांच्या आसनाच्या तळाशी एक शाळा कोरलेली आहे; हाती छडी घेतलेले पंतोजी, पुढे अभ्यासात गढलेली मुले, आणि मागे खुशाल खोड्या करणारी. ही मागची मंडळी सर्वांत आधी मुलांनीच शोधून काढली. दुसऱ्यांची मुले पळविणारी हारिती ही यक्षिणी, बुद्धाने तिचेच लाडके मूल लपविल्यावर मातृदुःख जाणून बालकांची रक्षिका कशी झाली, ही कथा बाई सांगू लागल्या, तोच तिच्या मांडीवरील मुलाकडे पाहत एक आजी म्हणाल्या, “अगं, ही तर आपल्या जिवतीच्या कागदासारखी!” श्रावणात घरोघर पुजल्या जाणाऱ्या त्या चित्रातील लेकुरवाळी आजींनी नातीला तेथेच समजावून सांगितली. कोणत्याही ग्रंथापेक्षा हा दाखला त्या नातीला अधिक जवळचा होता, आणि कुटुंबाला बरोबर नेण्याचे प्रयोजनही हेच आहे.

दहाव्या लेण्यातील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेले नाव आज माणसाच्या हातालाही लागू नये इतके उंच आहे. तो उंच होता, की शिडी घेऊन आला होता, असे तर्क झाल्यावर, त्या काळी लेणे दगडमातीने भरलेले होते आणि तो त्या ढिगावर उभा होता, हे उघडकीस आले. ते नाव एका जुन्या चित्रावर खरवडलेले आहे हे मुलांनी स्वतः पाहिले. नंतर ‘भिंतीला हात लावू नका’ असे कोणाला सांगावे लागले नाही.

परतल्यावर कौलांना चुन्याचा हात देऊन मुलांनी गेरूने रेघा ओढल्या. बाईंनी तेव्हा सांगितले की, चित्रकार रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. मूळ भिंती मात्र अद्याप उभ्या आहेत, आणि त्या जपण्याची जबाबदारी पुढच्या पिढीवर येणार आहे.

ज्याने मातीत हात घातले आहेत आणि चित्रापुढे स्वस्थ बसून पाहिले आहे, त्याच्या मनात सनावळी आपोआप जागा करून घेते. म्हणून पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, मुलांना लेण्यांत न्याल तेव्हा सगळी लेणी उरकण्याची घाई करू नका. एकाच चित्रापुढे त्यांच्याबरोबर बसा, घरातील वडीलधाऱ्यांनाही न्या, आणि फलक सर्वांत शेवटी वाचा.