आयपी ॲड्रेस आज एक, उद्या दुसरा: घरच्या इंटरनेटचा पत्ता नेमका का बदलतो?

ऑगस्ट २००७. तेव्हा ऑर्कुटचा जमाना होता. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ऑर्कुटवर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराचा तपास पुणे पोलीस करत होते. तपासात एक आयपी ॲड्रेस हाती लागला. तो कोणत्या ग्राहकाचा, हे इंटरनेट कंपनीला विचारलं गेलं. कंपनीकडून जे नाव आलं, त्यावरून बंगळुरूमधल्या एका आयटी कर्मचाऱ्याला अटक झाली. सुमारे ५० दिवस तो तुरुंगात होता. नंतर कळलं की माणूसच चुकीचा होता. कंपनीने दिलेली माहिती बरोबर नव्हती.

ऑर्कुट बंद पडलं, पण गैरसमज तसाच आहे. आयपी ॲड्रेस म्हणजे आधार नंबरासारखं काहीतरी, एकदा मिळाला की कायम आपला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात रात्री वायफाय राउटर बंद करून सकाळी चालू केला की काही घरांचा आयपी ॲड्रेस बदललेला असतो. शेजारच्या घरात मात्र तोच आकडा सहा-सहा महिने हलत नाही. कंपनी एकच असली तरीही असं होऊ शकतं.

हे कशामुळे होतं?

आधी हे बघा, घरात पत्ते दोन असतात

मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो. हा घरातला पत्ता. तो तुमच्या राउटरने मोबाईलला दिलेला असतो आणि घराबाहेर त्याला काही किंमत नाही. जगभरातल्या कोट्यवधी घरांत हेच आकडे वापरले जातात. प्रत्येक इमारतीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो, तसंच.

दुसरा पत्ता बाहेरचा. तुम्ही फेसबुक किंवा यूट्यूब उघडता तेव्हा त्यांच्या सर्व्हरला हा पत्ता दिसतो. घरातले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप सगळे मिळून हाच एक पत्ता वापरतात. तो तुमची इंटरनेट कंपनी देते. बदलण्याचा सगळा प्रश्न या बाहेरच्या पत्त्याचा आहे.

पत्ता विकत नाही, भाड्याने मिळतो

महाराष्ट्रात घर भाड्याने घेतलं की ११ महिन्यांचा करार होतो. मुदत संपत आली की मालक आणि भाडेकरू बोलतात, दोघांना चालत असेल तर करार पुढे वाढतो. आयपी ॲड्रेसचंही असंच आहे. ज्या पद्धतीने तो वाटला जातो तिला डीएचसीपी म्हणतात आणि ती १९९३ पासून वापरात आहे.

तुमचा राउटर चालू झाला की कंपनीच्या सर्व्हरकडे पत्ता मागतो. सर्व्हर आपल्याकडच्या साठ्यातला एक मोकळा पत्ता देतो आणि सोबत मुदतही सांगतो. ही मुदत तासाभराची असू शकते किंवा आठवड्याची, ते कंपनी ठरवते. मुदत निम्मी झाली की राउटर स्वतःच विचारतो, ‘हाच पत्ता पुढे ठेवू का?’ बहुतेक वेळा उत्तर हो असतं आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

म्हणजेच राउटर चोवीस तास चालू असेल तर पत्ता महिनोन्‌महिने तोच राहू शकतो. तो कायमचा दिलेला नसतो, फक्त करार वेळेवर वाढत राहतो.

राउटर दोन मिनिटं बंद करून चालू केला तरी सहसा जुनाच पत्ता परत मिळतो, कारण मुदत संपलेली नसते. पण कुटुंब पंधरा दिवस गावाला गेलं आणि राउटर बंद राहिला, तर करार संपतो. पत्ता साठ्यात परत जातो आणि दुसऱ्याला मिळू शकतो.

मग काही घरांत राउटर बंद-चालू केला की लगेच का बदलतो?

कारण सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने पत्ता देत नाहीत. अनेक ठिकाणी, विशेषतः गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या फायबर जोडणीत, नेटवाला राउटरमध्ये एक युजरनेम आणि पासवर्ड टाकून जातो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. इथे राउटर प्रत्येक वेळी लॉगिन करतो. वीज गेली, राउटर बंद झाला, लॉगिन तुटलं. वीज आली की नवं लॉगिन होतं आणि बहुतेक वेळा नवा पत्ता मिळतो. लॉजवर खोली सोडून पुन्हा आलात तर तीच खोली मिळेल असं नाही, तसंच हे.

जर्मनीत तर अनेक वर्षं घरगुती डीएसएल जोडणी दर २४ तासांनी कंपनीकडूनच तोडली जायची. पुन्हा जोडल्यावर नवा पत्ता. तिथल्या लोकांना रोज बदलणाऱ्या पत्त्याची सवयच होती.

आणखी दोन कारणं असतात. एक, तुम्ही राउटर बदलला. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक मॅक ॲड्रेस मिळालेला असतो. त्यावरून कंपनीचा सर्व्हर राउटर ओळखत असेल, तर नवा राउटर त्याला नवा भाडेकरू वाटतो. दुसरं, कंपनीने आपल्या जाळ्यात काही फेरबदल केले. कोणत्या भागाला कोणते पत्ते द्यायचे याची वाटणी बदलली की तुम्ही काहीही न करता आकडा बदलतो.

प्रत्येकाला कायमचा पत्ता का देत नाहीत?

कारण तेवढे पत्तेच नाहीत. आपण जे चार भागांचे आकडे पाहतो, ती आयपीव्ही४ पद्धत १९८१ मध्ये ठरली. त्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. तेव्हा कॉम्प्युटर मोजके होते, म्हणून ही संख्या भरपूर वाटली. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका घरात पाच-सहा उपकरणं आहेत.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही तळाला गेला आणि तिथे रेशनिंग सुरू झालं. भारतात घराघरांत स्वस्त इंटरनेट पोहोचलं ते त्यानंतर. म्हणून इथल्या कंपन्यांना पत्त्यांची टंचाई जास्त जाणवते.

एकच पत्ता, अनेक घरं

यावर तोडगा निघाला तो म्हणजे एका पत्त्यामागे अनेक घरं बसवायची. त्याला सीजीनॅट म्हणतात. समजा, एका सोसायटीत ३० फ्लॅट आहेत, पण बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचं गेट माहीत आहे. पार्सल गेटवर येतं आणि वॉचमन रजिस्टर बघून योग्य फ्लॅटवर पाठवतो. सीजीनॅटमध्ये हे रजिस्टर पोर्ट नंबरांचं असतं. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. एका घराला २,००० पोर्ट दिले, तर एका पत्त्यावर साधारण ३० घरं बसतात.

तुमचं घर अशा गेटमागे आहे का, हे पाहणं सोपं आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये इंटरनेट किंवा वॅन असं लिहिलेल्या ठिकाणचा आकडा बघा. मग ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरचा चार भागांचा आकडा बघा. दोन्ही वेगळे असतील तर तुम्ही गेटमागे आहात. राउटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने सुरू होत असेल, तर खात्रीच. हे आकडे २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले.

याचे परिणाम रोजच्या वापरात दिसतात. दुकानातला सीसीटीव्ही घरून थेट बघायचा असेल तर बाहेरून आत येणारी वाट सापडत नाही. मग कॅमेरा कंपनीच्या क्लाउड सेवेमार्फत बघावं लागतं किंवा जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्यावा लागतो. कधी गेटमागच्या एखाद्या घराने गोंधळ घातला म्हणून वेबसाइट तो पत्ता अडवते आणि बाकीच्या घरांनाही ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं विचारलं जातं. २००६ च्या अखेरीस विकिपीडियाने एक आयपी ॲड्रेस अडवला, तेव्हा कतार देशातले जवळपास सगळेच वापरकर्ते काही तास अडकले होते. देशभराची रहदारी त्याच वाटेने जात होती.

आयपीव्ही६ आल्यावर हे संपेल?

टंचाई संपते. आयपीव्ही६ मध्ये पत्ते इतके आहेत की प्रत्येक घराला कोट्यवधी देता येतात. भारत ही पद्धत वापरण्यात जगात आघाडीवर आहे आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओचा त्यात मोठा वाटा आहे.

पण इथेही पत्ता बदलतो, आणि मुद्दाम बदलतो. आयपीव्ही६ पत्त्याचा पुढचा भाग कंपनी देते, मागचा भाग तुमचा मोबाईल किंवा लॅपटॉप स्वतः बनवतो. एकाच आकड्यावरून उपकरणाचा माग काढता येऊ नये म्हणून आजची बहुतेक उपकरणं हा मागचा भाग ठरावीक काळाने, अनेकदा रोज, बदलतात. पुढचा भाग मात्र बराच काळ तोच राहू शकतो.

पत्ता बदलला म्हणजे तुम्ही लपलात का?

नाही. राउटर बंद-चालू करून नवा पत्ता घेतला तरी फेसबुकला तुम्ही लॉगिनवरून माहीत असता. वेबसाइट कुकीजवरून ओळखतात. आणि कोणता पत्ता कधी कोणाकडे होता, याची नोंद इंटरनेट कंपनीकडे राहते. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून अशा नोंदी किमान २ वर्षं ठेवणं बंधनकारक केलं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. नुसता आयपी ॲड्रेस कोणा माणसाकडे बोट दाखवू शकत नाही. तो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या पोर्टवर वापरला गेला, हे सगळं जुळावं लागतं. परदेशी सर्व्हरची वेळ अनेकदा यूटीसीमध्ये असते. ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. म्हणजे नोंदीत संध्याकाळचे ७ दिसत असतील, तर इथे दुसऱ्या दिवशीचे रात्री साडेबारा वाजलेले असतात. तेवढ्या वेळात पत्ता दुसऱ्या घरात गेलेला असू शकतो. आणि घर बरोबर सापडलं तरी वायफाय वापरणारा घरातला मुलगा होता, पाहुणा होता की पासवर्ड मिळालेला शेजारी, हे आकडा सांगत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. वायफायचा पासवर्ड वाटत फिरू नका, कारण तुमच्या राउटरमधून जे काही होईल त्याचा माग आधी तुमच्या दारात येतो. आणि ‘तुमच्या आयपी ॲड्रेसवरून गुन्हा झालाय, व्हिडिओ कॉलवरच थांबा, पैसे भरा’ असं कोणी फोनवर सांगितलं तर फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही.

बंगळुरूच्या त्या तरुणाचे ५० दिवस कोणीच परत देऊ शकलं नाही. आयपी ॲड्रेस हा भाड्याचा पत्ता आहे. ‘हा कोणाचा?’ एवढं विचारून भागत नाही, ‘त्या क्षणी कोणाकडे होता?’ हेही विचारावं लागतं.