सोंगटी बोलू लागते तेव्हा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ म्हणजे नेमके काय, असे मित्र मला वारंवार विचारतात. पट असलाच पाहिजे असे नाही, शेवटी कोणी जिंकत वा हरत नाही. नेरूळच्या एका खोलीत आम्ही पाच जण टेबलाभोवती बसून तीन तास बोलत असतो. ह्याला खेळ का म्हणावे? प्रश्न रास्त आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्या अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चेटके, अग्निमुखी राक्षस आणि वीस बाजूंचा फासा ह्यांवरच नवख्याची नजर खिळते. परंतु खेळाचा प्राण तेथे नाही. राक्षसांच्या जागी आपले वेताळ-मुंजे आणले, तरी खेळ तोच राहतो.

मग तो प्राण कशात आहे? ओळखीच्या तीन गोष्टींशी ताडून पाहू. सारीपाटात फासे आहेत. पण ‘मी पुढे जात नाही, शत्रूशी बोलणी करते’ असे सोंगटी म्हणू शकत नाही. भातुकलीत हवे ते करता येते; पण दोघांचे पटले नाही तर निवाडा करणारे कोणी नसते आणि डाव मोडतो. तिसरा कोकणातला दशावतार. त्यात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतात. हा ह्या खेळाचा सर्वांत जवळचा नातलग. तरीही संकासुराने कितीही गमती केल्या, तरी विष्णूच्या हातून त्याचा वध ठरलेलाच!

ह्या खेळात सोंगटीला वाचा फुटते, निवाड्याला फासा असतो आणि शेवट मोकळा राहतो. निवेदक प्रसंग सांगून विचारतो, ‘आता तू काय करतोस?’ खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने सुचेल ते उत्तर देतो. यश अनिश्चित असेल तेथे फासा पडतो आणि त्यातून पुढची कथा घडते.

काही निवेदक कथा रंगावी म्हणून पडलेले दान लपवून आपल्या मनातलाच शेवट घडवितात. हेतू चांगला असेलही. पण माझ्या मते तेथे खेळ संपतो आणि खेळाडूंचे श्रोते होतात. पुस्तक, फासे, राक्षस सारे टेबलावर असूनही!

परीक्षेतील प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याजवळ तयार असतात. येथे विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसते, आणि ते तसे नसणे हीच ह्या खेळाची खरी ओळख होय.