संगणक-सल्ला व्यवसायातील कामाचे स्वरूप

संगणक-सल्ला देणाऱ्या संस्थेत काम करणे म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिणे, अशी सामान्य समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. या व्यवसायात मुख्यतः विकला जातो तो आज्ञावली लिहिणाऱ्याचा वेळ. आणि तेथील कामाची बहुतेक वैशिष्ट्ये या एका गोष्टीवरून उलगडतात.

भारतात या व्यवसायाचा आरंभ मुंबई-पुण्याशी निगडित आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झाली व फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली वाढली. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली. त्या काळी संगणकाची आयात महाग व परवान्यांनी जखडलेली होती; विपुल होते ते अभियंत्यांचे श्रम. हे अभियंते प्रारंभी परदेशी ग्राहकाच्या कचेरीत जाऊन काम करीत. पुढे दळणवळणाची साधने सुधारल्यावर कामच इकडे येऊ लागले.

ग्राहकाशी होणारे करार प्रायः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात मोबदला तासाच्या दराने ठरतो. प्रत्येक कर्मचारी आपल्या तासांची नोंद ‘टाइमशीट’मध्ये करतो आणि तीवरून ग्राहकाचे बिल तयार होते. समजा, संस्थेत १०० कर्मचारी आहेत व त्यांपैकी ८० जणांचे तास बिलात लागतात. तर उरलेल्या २० जणांचे वेतन या ८० जणांच्या कमाईतून द्यावे लागते. या उरलेल्यांच्या अवस्थेला ‘बेंच’ म्हणतात. बेंचवर बसलेल्याचा पगार चालू असतो. तथापि दिवस लोटतात तशी त्याची चिंता वाढते, आणि जावा शिकलेला तरुण एखाद्या बँकेच्या जुन्या कोबोल आज्ञावलीच्या देखभालीचे काम मुकाट्याने पत्करतो. त्याने काय शिकावे, हे त्याच्या आवडीपेक्षा मागणीच अधिक ठरविते.

तासाच्या हिशेबातूनच संस्थेची रचनाही घडते. नवख्या पदवीधराचे वेतन कमी असल्यामुळे तळाशी नवखे पुष्कळ व माथ्यावर अनुभवी थोडे, असा मनोरा फायद्याचा ठरतो. परिणामी, आज्ञावली लिहिण्यात निपुण झालेल्या माणसाला बढतीसाठी बहुधा ते काम सोडून मॅनेजर व्हावे लागते.

याहून गंभीर प्रश्न सल्ल्याचा आहे. ग्राहकाचे काम वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या अभियंत्याला त्याच्या व्यवहारातील खाचाखोचा कित्येकदा ग्राहकाच्या नोकरांपेक्षाही अधिक ठाऊक असतात. एखादा विभाग नव्याने लिहिल्यास देखभालीचे निम्मे तास वाचतील, हे त्याला दिसते. परंतु वाचणारा तास हे त्याच्या संस्थेचे उत्पन्न आणि त्याच्या सहकाऱ्यांची जागा असते. उत्तम सल्ला हा पुष्कळदा कमी तासांचा असतो; आणि तो देणाऱ्याची परीक्षा येथेच होते.

दुसऱ्या प्रकारच्या करारात संपूर्ण कामाची रक्कम आधीच ठरते. तेथे हितसंबंध नेमके उलटतात. तास वाचविणे संस्थेला लाभदायक ठरते. मात्र अंदाज चुकला तर वाढीव तासांचे पैसे मिळत नाहीत, आणि तो भार कर्मचाऱ्यांच्या संध्याकाळींवर पडतो. त्या संध्याकाळी मुळातच मोकळ्या नसतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १० वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे ८.३० झालेले असतात. ग्राहकाचा कामाचा दिवस उजाडतो तेव्हा हिंजवडीतील अभियंता घरी जेवणाच्या पानावर असतो, आणि बैठक बहुधा ग्राहकाच्या सोयीने ठरते.

या व्यवस्थेने एका मोठ्या मध्यमवर्गाला स्थैर्य दिले आणि लहान गावांतील पदवीधरांना जगाची कामे शिकविली, हे नाकारता येणार नाही. परंतु आता मजकुरावरून आज्ञावली रचून देणारी साधने प्रचारात आली आहेत आणि काही कामांना पूर्वीइतके तास लागत नाहीत. अशा वेळी तास हेच मूल्याचे माप मानले, तर कौशल्य वाढेल तसे उत्पन्न घटेल. फलितावर मोबदला ठरविणे हा एक मार्ग आहे. पण त्यात नवख्यांची गरज कमी भासण्याचा संभव आहे. आजचा अनुभवी सल्लागार हा कालचा तळाचा नवखाच होय. तो तळच आकुंचित झाला, तर उद्याचे अनुभवी कोठे घडणार, हा या व्यवसायापुढील खरा प्रश्न आहे.