वजनकाट्याला न दिसणारा ताण

दिंडोरी तालुका म्हटलं की द्राक्षबागा आणि पालखेड, करंजवण, वाघाडची धरणं आठवतात. याच शिवारात पत्र्याच्या लांबट पोल्ट्री शेडही उभ्या असतात. ब्रॉयलरचा धंदा बहुतांशी कराराचा. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. साधारण ४० दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरतो. मग हिशेब निघतो तो 'एफसीआर'चा, म्हणजे किलोभर वजनासाठी किती किलो खाद्य लागलं याचा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की हा हिशेब बिघडतो. भर दुपारी पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सैल सोडून तुसावर बसतात. खाद्याची भांडी भरलेली राहतात आणि गर्दी पाण्याच्या निपलखाली होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला धापाच कामी येतात. धापांमधून कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि रक्ताचा आम्ल-अल्क तोल ढळतो.

'खाल्लं नाही म्हणून वजन बसलं नाही', हे शेडवरचं नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे. १९९६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उष्णतेतले पक्षी जेवढं खातात तेवढंच खाद्य थंड जागेतल्या पक्ष्यांना मोजून दिलं. तरीही थंडीतले जास्त वाढले, आणि उष्णतेतल्यांच्या अंगावर चरबी जास्त निघाली.

याचं एक मोठं कारण कॉर्टिकोस्टेरोन. ताण जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक सोडतात. घटकाभराच्या संकटात त्याने जीव वाचतो, कारण पळायला साखर मिळते. पण ताण आठवडेच्या आठवडे टिकला, तर स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृत त्यांची साखर करत राहतं आणि उरलेली ऊर्जा चरबीकडे वळते. छातीचं मांस घटतं, पोटातली चरबी वाढते. म्हणूनच काट्यावर सारख्याच भरणाऱ्या दोन पक्ष्यांचं अंग आतून वेगळं असू शकतं. ताणाची खूण रक्तातही सापडते. हेटरोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं परस्पर प्रमाण हा दीर्घ ताणाचा मापदंड ठरू शकतो, हे ग्रॉस आणि सिगेल यांनी १९८३ मध्ये दाखवलं.

रानात मात्र ताणाने वजन उतरणं शहाणपणाचंही ठरतं. इंग्लंडमध्ये कीटकनाशकांमुळे चिमणमार ससाणे नाहीसे झाले, तेव्हा तिथले वल्गुली पक्षी वजनदार झाले. शिकारी परतल्यावर पुन्हा हलके झाले. हलक्या अंगाला उडून निसटणं सोपं जातं. शेडमधल्या ब्रॉयलरला निसटायला जागाच नाही. त्यातून झटपट वाढीसाठी निवडलेल्या या वाणाच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते.

त्यामुळे उपाय शेडपासूनच सुरू होतात: लांबी पूर्व-पश्चिम, पत्र्यावर चुन्याचा थर, ओलं बारदान, पंखे, फॉगर. पचनातही उष्णता निर्माण होते म्हणून दुपारचं खाद्य उचलून पहाटे आणि रात्री द्यायचं. या साऱ्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. पक्ष्याचं वाण आणि खाद्य मात्र त्याने निवडलेलं नसतं. एफसीआर बिघडला की कात्रीही त्याच्याच मोबदल्याला लागते. उष्म्याचा तोटा करारातल्या दोन्ही बाजूंनी वाटून घ्यायला हवा, असं शरीरशास्त्रही सांगतं.